मे महिन्यापर्यंत

श्रीहरी तोरगलकर वकिलांची नजर एका दिवसात गेली नाही. आधी अंधार पडल्यावरचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि पंचेचाळिशी गाठेपर्यंत समोरचा कागद म्हणजे नुसता उजेडाचा तुकडा उरला. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्याला औषध नाही, असं हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मिरजेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता हा माणूस वकिली सोडणार, असं धारवाडच्या कोर्टात सगळ्यांना वाटलं. त्यांनी सोडली नाही, कारण घरी त्यांच्या पत्नी मालतीबाई होत्या.

मालतीबाई वाचायच्या. कन्नड कागद सकाळी कारकून विठ्ठल वाचून दाखवी, पण त्याला इंग्रजी जमत नसे. ते सगळं संध्याकाळी मालतीबाईंकडे. कोर्टातून आल्यावर चहा झाला की सप्तापुरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोघं बसत आणि हायकोर्टाचे निवाडे, नोटिसा, उलटतपासणीच्या नकला असं जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत चाले. त्या बी.ए. झालेल्या होत्या, कायद्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण हळूहळू लॅटिन शब्दसुद्धा त्या न अडखळता वाचू लागल्या. कुठं थांबायचं, कुठली ओळ दोनदा वाचायची, हे श्रीहरींना सांगावं लागत नसे. "माझे डोळे घरी आहेत," असं ते बार रूममध्ये सांगत. ऐकणारे माना डोलवत आणि भेटल्यावर मालतीबाईंचं तोंडभर कौतुक करत.

सन दोन हजारमध्ये बेंगळूरच्या एका संस्थेने श्रीहरींना एक प्रोग्राम दिला. कीबोर्डवरून बोटं फिरवली की कंप्युटरच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा. तो शिकायला दोघं बेंगळूरला जाऊन राहून आले. प्रोग्रामबरोबर एक फ्लॉपी होती. हिच्यात प्रोग्रामची किल्ली आहे, ती एकदा मशिनात घातली की त्या मशिनापुरती चालते, जपून ठेवा, असं संस्थेतल्या माणसाने बजावलं होतं. कंप्युटर आणि स्कॅनर हुबळीहून, देशपांडे नगरातल्या एका दुकानातून आणले. दुकानदाराने विंडोज आतच घालून दिलं.

प्रोग्रामचा आवाज सर्दी झालेल्या अमेरिकन माणसासारखा होता. धारवाडला तो 'डारवॅड' म्हणे. मालतीबाईंनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. पण पाहुणा कामाचा निघाला. छापील इंग्रजी कागद स्कॅनरवर ठेवला की तो वाचून दाखवी. निवाड्यांच्या सीडी मिळत, त्यातला हवा तो निवाडा श्रीहरी स्वतः शोधून काढत, पुढेमागे करत, एखादं वाक्य दहादा ऐकत. मालतीबाईंना दहादा वाच म्हणायला त्यांना संकोच वाटे. पाहुण्याला कसला संकोच! बऱ्याच वर्षांनी ते आपले अर्ज आपल्या बोटांनी टाइप करू लागले. त्या महिन्यांत ते शिट्टी वाजवत अंघोळीला जात.

सुरुवातीला मालतीबाई सवयीने त्याच वेळी पुढच्या खोलीत येऊन बसायच्या.

"बस की," श्रीहरी हसून म्हणायचे, "पण आज तुझ्याकडं काम नाही."

शेजारी अंबूताई राहत होत्या. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, एकट्या, गप्प बसणं माहीत नसलेल्या. त्यांनी विद्यापीठातून मराठी एम.ए.चा बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म आणला होता, आणि एक नव्हे, दोन आणले होते.

"चल ग, दोघी मिळून करू," त्या म्हणाल्या. "तू काय आता म्हातारी झालीस का? मी झाले तरी बसतेय."

मालतीबाईंनी दोन दिवस फॉर्म तसाच ठेवला आणि तिसऱ्या दिवशी भरला.

त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, इतकं त्यांना ते आवडलं. विशेषतः भाषाविज्ञान. जेवताना त्या मधेच थांबून म्हणायच्या, "तुम्हाला ठाऊक आहे का, अडकित्ता कन्नडातून आला. आणि तूपसुद्धा."

"म्हणजे पोळीवरचं तूपही आपलं नव्हे?" श्रीहरी विचारायचे.

"आपलंच. पण आलं तिकडून." आणि मग गावोगावचं बोलणं कसं बदलतं, अळणावरकडची माणसं एखादा शब्द कसा ओढतात, बेळगावची कसा तोडतात, हे त्या आवाज काढून दाखवायच्या. श्रीहरींना वाटायचं, ही बाई इतकी वर्षं आपल्याला दुसऱ्यांचेच कागद वाचून दाखवत होती; हिच्या आवाजात एवढे आवाज आहेत हे आपल्याला माहीतच नव्हतं. पहिल्या वर्षी त्या चांगल्या गुणांनी पास झाल्या. अंबूताईंपेक्षा जास्त गुण पडले म्हणून अंबूताई आठवडाभर रुसल्याचं नाटक करत होत्या.

पुढच्या जानेवारीत श्रीहरींनी एक केस जिंकली. हुबळीचे बाळाचार्य म्हणून एक गृहस्थ स्वतः भजनं म्हणून त्यांच्या कॅसेटी काढत. त्या कॅसेटींच्या नकला करून काही दुकानदार विकत होते. श्रीहरींनी त्या दुकानदारांचा एकेक बचाव खोडून काढला. बाजारात सगळेच असं करतात, हा त्यांचा मुख्य बचाव होता. सगळ्यांनी केली म्हणून चोरीची खरेदी होत नाही, असं श्रीहरी म्हणाले, आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी स्थानिक कन्नड पेपरात आलं.

बाळाचार्य पेढे घेऊन घरी आले. त्याच वेळी सुमंतही आला होता. सुमंत म्हणजे श्रीहरींच्या बहिणीचा मुलगा. हुबळीच्या केशवापुरात राहायचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. पाहुण्याची काही कुरकुर झाली की तोच येऊन बघायचा. बाळाचार्य निघून गेल्यावर पेपर खाली ठेवत तो हसून म्हणाला, "मामा, मग आपल्या कंप्युटरचं काय?"

"त्याचं काय?"

"त्यातलं विंडोज. ते कुठं विकत घेतलंय आपण? दुकानवाल्याकडं एक सीडी असते, तीच तो सगळ्यांच्या मशिनांत घालतो."

श्रीहरींच्या हातातला पेढा हातातच राहिला. "खरं सांगतोस?"

"सगळ्यांकडं तसंच असतं हो मामा."

"सगळ्यांकडं असतं, हे मी कालच कोर्टात खोडून काढलं, सुमंत."

सुमंतला वाटलं, मामा थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा बघून तो गंभीर झाला, आणि गंभीर होता होता त्याला उत्साह आला. कारण गेलं वर्षभर तो स्वतः लिनक्स वापरत होता आणि भेटेल त्याला त्याचे गुण सांगत होता. आजवर कुणी नीट ऐकून घेतलं नव्हतं. आता एक मोठा माणूस आपण होऊन विचारत होता.

"मामा, विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशिनाचा मूळ कारभार. ते विकत घेण्यापेक्षा त्याच्या जागी लिनक्स घालता येतं. फुकट आहे आणि चोरी अजिबात नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनीच सांगितलंय, घ्या, वापरा, दुसऱ्यालाही द्या."

"असं लेखी आहे?"

"लेखी आहे. वाचून दाखवतो."

त्याने तो परवाना दुसऱ्या दिवशी आणून खरोखरच वाचून दाखवला. श्रीहरींना तो फार आवडला. कायद्याचा कागद इतका उदार असू शकतो, याचं त्यांना अप्रूप वाटलं.

"आणि पाहुणा?" दारात उभ्या असलेल्या मालतीबाईंनी विचारलं. "तो तर विंडोजचा आहे ना?"

"त्याची सोय आहे, मामी. कोर्टात कन्नड साक्षीदाराला जसा दुभाषी असतो, तसा विंडोजच्या प्रोग्रामांना लिनक्सवर एक दुभाषी असतो. वाईन म्हणतात त्याला."

"नाव तेवढं वाईट आहे," श्रीहरी म्हणाले, आणि दोघं हसले.

मालतीबाई हसल्या नाहीत. "तू पाहुणा त्यावर चालवून बघितलास?"

"हा नाही बघितला. पण दुसरे पुष्कळ चालवलेत."

सुमंत गेल्यावर त्या श्रीहरींजवळ येऊन बसल्या. "माझी परीक्षा मे महिन्यात आहे," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत आहे ते राहू द्या. मग काय बदलायचं ते बदला."

"चोरीचा माल घरात आहे हे कळल्यावर तो मे महिन्यापर्यंत ठेवून घ्यायचा?"

"इतके दिवस होताच की."

"तेव्हा माहीत नव्हतं, मालती. माहीत नसणं वेगळं." मग त्यांनी आवाज मऊ केला. "आणि सुमंत म्हणतोय ना, चालेल म्हणून. तुझ्या अभ्यासाचा काय संबंध?"

मालतीबाई पुढे बोलल्या नाहीत. आपलं म्हणणं त्यांना पटलं, असं श्रीहरींनी धरलं.

रविवारी सुमंत सीडींचा गठ्ठा घेऊन आला. त्याने श्रीहरींचे अर्ज, टिपणं, सगळं सीडीवर काढून घेतलं आणि मग मशीन धुऊन पुसून कोरं केलं. दुपारपर्यंत लिनक्स बसलं. पडद्यावर काय काय दिसतंय ते तो सांगत होता आणि श्रीहरी खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, मुंजीत बसल्यासारखे. जेवणं झाली. मग सुमंतने वाईन घातलं आणि त्याच्यावर पाहुणा.

पाहुण्याने स्वागताचं एक वाक्य म्हटलं. श्रीहरींनी टाळी वाजवली. पण त्यानंतर तो काही बोलेना. बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, खिडक्या उघडल्या, बंद केल्या. पाहुणा गप्प.

सुमंतने पुन्हा बसवून बघितलं. पुस्तक काढलं. एका मित्राला फोन लावला. ऊन उतरलं तरी तो मशिनासमोरून उठला नाही. शेवटी पाठमोरा राहूनच तो म्हणाला, "मामा, माझ्या आता लक्षात येतंय. दुभाषी एका प्रोग्रामपुरता असतो. त्याच्या खोलीत जे आहे तेवढं त्या प्रोग्रामला कळतं. पण पाहुण्याचं कामच दुसऱ्यांच्या खोल्यांत डोकावून सांगायचं. त्याला बाहेरचं काही दिसतच नाहीये."

"म्हणजे तोही माझ्यासारखा झाला," श्रीहरी म्हणाले. कुणी हसलं नाही.

"लिनक्सवर दुसरा एक बोलणारा प्रोग्राम आहे, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारा. तो घालून देतो. पण तुमचा स्कॅनर त्यावर चालणार नाही. निवाड्यांच्या सीडीही नाही चालायच्या, त्या विंडोजच्याच आहेत."

"मग विंडोज परत घाल," मालतीबाई म्हणाल्या.

सुमंतने टेबलावरची फ्लॉपी उचलली. मग म्हणाला, "मामी, ती किल्लीची फ्लॉपी. मी मशीन पुसायच्या आधी किल्ली मशिनातून काढून फ्लॉपीवर परत घ्यायला पाहिजे होती. मला माहीत नव्हतं. मशिनाबरोबर ती पुसली गेली. फ्लॉपी आता रिकामी आहे."

बेंगळूरला फोन केला. संस्थेतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की या वर्षीच्या किल्ल्या वाटून संपल्या आहेत, पुढच्या यादीत नाव घालू. विकत घ्यायची तर किल्लीची किंमत कंप्युटरपेक्षा जास्त होती.

सुमंतकडे अजून एक उपाय होता. किल्ली नसली तरी तो प्रोग्राम नमुना म्हणून चालायचा. थोडा वेळ बोलायचा, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं. "कटकट आहे, मामा, पण काम होईल. विंडोज परत घालतो आणि तसं चालवू."

"नमुना कशासाठी असतो?"

"विकत घेण्याआधी बघायला."

"आणि मी त्याच्यावर रोज वकिली करायची? विंडोज पुन्हा चोरीचं, आणि पाहुणाही चोरीचा." श्रीहरींनी मान हलवली आणि ते कन्नडावर आले. "साकु, सुमंत. बस झालं. नवं मशीन घेऊ, विंडोज विकत घेऊ, किल्ली येईल तेव्हा येईल. तोपर्यंत पूर्वी चालत होतं तसं चालेल."

पूर्वी कसं चालत होतं हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. सुमंतने मामीकडे बघितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या म्हणाल्या, "जेवूनच जा आता."

पण पूर्वीसारखं चाललं नाही, कारण पाहुण्याच्या भरवशावर श्रीहरींनी काम वाढवून ठेवलं होतं. तलावाखाली गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याची अपिलं होती, एकेका अपिलात गठ्ठाभर इंग्रजी कागद. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती सुनावणीला उभी राहायची होती. मालतीबाई संध्याकाळी वाचत, सकाळी विठ्ठल येण्याआधी वाचत, रविवारी वाचत. त्यांचा घसा बसला तेव्हा श्रीहरींनी लॉ कॉलेजातला एक विद्यार्थी लावला. तो अडखळे, स्वल्पविराम गिळे. श्रीहरी प्रत्येक ओळीला त्याला टोकत. चार दिवसांनी तो यायचा बंद झाला.

"मालतीसारखं कुणाला वाचता येत नाही," श्रीहरी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते.

मार्च गेला. अंबूताई दुपारच्या अभ्यासाला बोलवायच्या. मालतीबाई पुस्तक उघडून बसायच्या आणि बसल्या बसल्या झोपून जायच्या. एप्रिलच्या शेवटी अंबूताई पुढच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "हॉल तिकीट आणायला जायचं. येतेस ना?"

"माझी तयारी नाही झाली हो, ताई. तुम्ही जाऊन या."

श्रीहरी तिथेच होते. "पुढच्या वर्षी बस की," ते म्हणाले. "परीक्षा काय पळून जाते?"

अंबूताई काहीतरी बोलणार होत्या, पण मालतीबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. अंबूताई एकट्या परीक्षेला गेल्या आणि पास झाल्या. सरकारी वकिलांनी तारखा वाढवून घेतल्या आणि अपिलं पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या वर्षीचा मे महिना आला तेव्हाही कागद संपले नव्हते आणि बेंगळूरची यादी निघाली नव्हती. त्या वेळी हॉल तिकिटाचा विषयसुद्धा कुणी काढला नाही.

पावसाळ्यात किल्ली आली. नवं मशीन, पावतीसकट विकत घेतलेलं विंडोज, त्याच्यावर पाहुणा. तो पुन्हा 'डारवॅड' म्हणाला तेव्हा श्रीहरींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तू मोकळी," ते म्हणाले. मालतीबाई "हो" म्हणाल्या. पण विद्यापीठात चौकशी केली तेव्हा कळलं की नियम बदलले आहेत, पहिल्या वर्षाच्या गुणांची मुदत संपली आहे, पुन्हा सुरुवातीपासून करावं लागेल. त्यांनी ते केलं नाही. श्रीहरींनी एकदा सुचवून बघितलं. "बघू," असं उत्तर आलं आणि विषय तिथेच राहिला.

या सगळ्यातून श्रीहरींच्या हाती एक गोष्ट आली. चोरीचं विंडोज घरातून कसं काढून टाकलं आणि त्यापायी वर्ष-दीड वर्ष कशी अडचण सोसली, ही. नव्या वकिलांना ते ती सांगत. ते चांगलं सांगत. वाईनचा विनोद आणि पाहुण्याचं ते एकच वाक्य यांवर हमखास हशा यायचा. गोष्टीत मालतीबाई असत, पण एका वाक्यापुरत्या: "माझी पत्नी पुन्हा धावून आली."

दोन हजार सातमध्ये वकील मंडळींनी त्यांचा सत्कार केला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत श्रीहरी आणि त्यांच्या डाव्या हाताला मालतीबाई. एका तरुण वकिलाने भाषणात तीच गोष्ट सांगितली, श्रीहरींपेक्षाही रंगवून. शेवटी तो म्हणाला, "तत्त्वासाठी अंधार पत्करणारा माणूस!" आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

ज्याला दिसत नाही तो टाळ्या वेगवेगळ्या ऐकतो. मागच्या रांगांच्या एकत्र, जवळच्यांच्या सुट्या. उजवीकडे बाळाचार्य जोरजोरात वाजवत होते. डावीकडून काहीच आवाज नव्हता. श्रीहरींना आधी वाटलं, ती उठून गेली असेल. त्यांनी हात पुढे केला. मालतीबाईंचे हात मांडीवर होते, एकात एक घातलेले, अगदी स्थिर.

दोघं रिक्षाने परतले. घरी येऊन हार काढून ठेवल्यावर श्रीहरींनी विचारलं, "तू टाळ्या वाजवल्या नाहीस."

"नाही."

"का?"

"तुम्हाला खरं पाहिजे का?"

"हो."

मालतीबाई खुर्ची ओढून बसल्या. "अंधार तुम्ही पत्करला असं तो मुलगा म्हणाला. तुम्ही काय पत्करलंत? तुम्हाला आधी पाहुणा वाचून दाखवत होता, मग मी दाखवायला लागले. कागद वाचायचे राहिले म्हणून तुमचं एक अपील थांबलं नाही."

श्रीहरी समोरच्या खुर्चीत बसले.

"तुम्ही चोरीचं काढून टाकलंत ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "मी आजही तसंच म्हणेन. पण मी मे महिन्यापर्यंत थांबा म्हटलं होतं. तेवढंच म्हटलं होतं. आणि पाहुणा गप्प झाल्यावर सुमंतने तो नमुन्याचा उपाय सांगितला, तेव्हा तुम्ही नको म्हणालात. मी तिथेच खोलीत होते. मला विचारावं असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही."

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते. एकदा बोलले होते. दुसऱ्यांदा बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, माझ्या परीक्षेसाठी मी चोरी करायची का? त्याला मी काय उत्तर देणार?"

ते तसंच म्हणाले असते, हे श्रीहरींना ठाऊक होतं. ते वाक्य त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकूही आलं. ते म्हणाले, "अजून कर. आता तर वेळच वेळ आहे. मी सुमंतला सांगतो, आता बेंगळूरला आहे तो, मराठी वाचणारं काही निघालं असेल तर तो पाठवेल. तुला वाचून दाखवायला मी त्याला लावतो. तुझी पुस्तकं कुठं आहेत?"

"ती दिली मी. कोपऱ्यावरच्या वेदश्रीला. ती पास होऊन आता बेळगावात शिकवते."

"कधी दिलीस?"

"झाली तीन-चार वर्षं. तुम्ही इथेच बसला होतात. सगळा गठ्ठा तुमच्यासमोरून गेला. रद्दीवाला आलाय का, म्हणून तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, नाही, वेदश्री आलीय. तुम्ही म्हणालात, बरं."

श्रीहरींना तो दिवस आठवेना. खूप आठवून बघितलं त्यांनी. एका बाईची पुस्तकं घरातून जाताना आपण 'बरं' म्हणालो, आणि ते लक्षात ठेवण्याइतकंही काही वाटलं नाही, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं. चुकलं, असं त्यांनी म्हटलं. मालतीबाई म्हणाल्या, "राहू दे आता," आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर श्रीहरींना बरं वाटलं असतं.

त्यानंतर श्रीहरींनी काही गोष्टी बदलल्या. स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले. कुणी वाचायला आलं तर त्याला टोकायचं नाही, हे शिकले. जेवताना एखाद्या शब्दाबद्दल मालतीबाईंना विचारून बघत, हा कुठून आला असेल? कधी त्या सांगत, बहुधा म्हणत, "विसरले हो आता." ते खरंच विसरणं आहे की सांगायचं मन नाही, हे आवाजावरून ओळखायचा त्यांनी प्रयत्न केला. इतकी वर्षं आवाजांवर काढलेल्या माणसाला ते ओळखता आलं नाही.

पुढच्या वर्षी लॉ कॉलेजने त्यांना भाषणाला बोलावलं. विषय होता, वकिली आणि सचोटी. ती कंप्युटरची गोष्ट जरूर सांगा, असं फोनवरच सांगितलं होतं. श्रीहरी नको म्हणत होते. मालतीबाईंनीच त्यांना पाठवलं. "मुलं वाट बघत असतील," त्या म्हणाल्या.

स्टेजवर उभं राहून त्यांनी विषय बदलल्याबद्दल माफी मागितली आणि वहिवाटीच्या हक्कावर बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या शेतातून वर्षानुवर्षं वाट वापरली की वापरणाऱ्याचा तिच्यावर हक्क कसा निर्माण होतो, ते कलमं सांगत समजावून देऊ लागले. मुलं कंटाळली. मागे खुर्च्या सरकू लागल्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं प्राचार्यांनी म्हटल्यावर एक मुलगी उठली.

"सर, शेताचा मालक इतकी वर्षं काहीच बोलला नाही, तर त्याची संमती होती असंच धरायचं ना?"

श्रीहरींनी आवाज आला त्या दिशेला चेहरा वळवला. हॉलमधली कुजबुज थांबली.

"धरतात," ते म्हणाले. "कायद्यात धरतात."

मुलीने थँक यू म्हटलं आणि ती बसली. श्रीहरी थोडा वेळ तसेच उभे राहिले, अजून काही सांगायचं असल्यासारखे, आणि मग खुर्ची चाचपून बसले.